तिने त्याच्याकडे पाहिलं तर

कोल्हापुरातल्या जुन्या तालमींत भिंतीवर पैलवानांचे फोटो ओळीने टांगलेले असतात. अंगावर लंगोट तेवढा, छाती भरलेली, कुणाच्या खांद्यावर गदा. नवा पोरगा आखाड्यातल्या मातीला हात लावतो आणि मान वर करून या फोटोंकडे बघतो. उद्या आपलं अंग असं व्हावं ही इच्छा त्याच्या डोळ्यांत उघड दिसते आणि वस्ताद त्याला त्यासाठी शाबासकी देतो. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात शंभरावर वर्षं हजारो लोक अशी उघडी शरीरं टक लावून बघत आले आहेत. १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांची तर बैलगाड्या जुंपून मिरवणूक निघाली. नदीचा घाट, देवळाची ओवरी, आखाडा, शरीरसौष्ठव स्पर्धेचा मंच, सगळीकडे पुरुषाचा उघडा देह आपल्या नजरेच्या सवयीचा आहे. त्याने कुणाची संस्कृती बुडाली नाही.

आता दुसरी रांग पाहा. १९९५ मध्ये ‘टफ्स’ बुटांची एक जाहिरात प्रसिद्ध झाली. मॉडेल मिलिंद सोमण आणि मधू सप्रे, दोघांच्या पायांत बूट, अंगावर दुसरं काही नाही आणि भोवती एक अजगर. फोटो प्रबुद्ध दासगुप्ता यांनी काढलेला. मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा खटला भरला, अजगरापायी वन्यजीव कायद्याचंही प्रकरण झालं आणि सगळे निर्दोष सुटेपर्यंत २००९ साल उजाडलं. नोव्हेंबर २०२० मध्ये याच सोमणने आपल्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला समुद्रकिनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा स्वतःचा फोटो समाजमाध्यमावर टाकला. तो फोटो त्याच्या पत्नीने काढलेला होता. गोवा पोलिसांनी गुन्हा नोंदवला. जुलै २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘पेपर’ मासिकासाठी अभिनेता रणवीर सिंगने विवस्त्र फोटो काढून घेतले, तर चेंबूर पोलीस ठाण्यात तक्रार दाखल झाली. त्या तक्रारीत भारतीय दंड संहितेचं कलम ५०९ होतं, म्हणजे स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान.

या शेवटच्या कलमापाशी मला थांबावंसं वाटतं. ‘टफ्स’च्या जाहिरातीत बाई होती, त्यामुळे तिथला राग नेमका कुणाच्या देहावर होता याबद्दल वाद घालता येईल. रणवीरच्या फोटोत तो एकटा आहे. स्त्रियांच्या भावना दुखावल्या असं तक्रारीत म्हटलं गेलं. ते फोटो पाहून कितीजणींना आनंद झाला, कितीजणींना कंटाळा आला, कितीजणी मैत्रिणीला पाठवून मोकळ्या झाल्या, हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. देखण्या पुरुषाचं चित्र आणि बाई समोरासमोर आली की बाईचा अपमानच होणार, असं गृहीत धरलं गेलं. तालमीतला फोटो आणि मासिकातला फोटो यांतला फरक कपड्यांचा म्हणावा, तर लंगोटाएवढाच. पुरुष पुरुषाकडे अभिमानाने बघतो तोवर देह पवित्र असतो. तोच देह बाईच्या इच्छेसमोर उभा राहिला की पोलीस ठाण्याची वाट धरावी लागते. आपल्याला भीती वाटते ती पाहणाऱ्या बाईची, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि म्हणूनच ज्या नटावर पंधराव्या-सोळाव्या वर्षी जीव जडला होता, त्याची आठवण पन्नाशीतल्या बायका आज हसत हसत काढतात तेव्हा तिला थिल्लर समजू नये. ती आपल्या समाजाच्या इतिहासातली एक महत्त्वाची साक्ष आहे.

मराठी घरात पाहण्याचं काम कुणी करायचं हे पूर्वीपासून ठरलेलं आहे. मुलगी बघायला पाहुणे येतात. ती पोह्यांचा ट्रे घेऊन येते, खाली बघत बसते, विचारलं तर उत्तर देते. उंची, रंग, दात, चाल, सगळं पाहून घेतलं जातं. तिनेही मुलाला पाहिलेलं असतं, पण ओझरतं, चोरून, कपबशी पुढे करताना. ‘मुलगा आवडला का?’ हा प्रश्न विचारला गेलाच तर त्याचं उत्तर होकारार्थी असणार हे धरूनच. त्याला रोज जवळून पाहणं तिला आवडेल का, हा विचार करायला त्या बैठकीत वेळ ठेवलेला नसतो.

चित्रांच्या जगातही तेच. आपले दिवाळी अंक हा मराठी वाचनसंस्कृतीचा मोठा अभिमान. त्यांची जुनी मुखपृष्ठं एकापुढे एक मांडली तर बायकांची रांगच्या रांग उभी राहते. दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’वर आणि रघुवीर मुळगावकरांच्या ‘रत्नप्रभा’वर किती लावण्यवती आल्या! त्या चित्रांवर माझं प्रेम आहे. दलालांच्या रेषेतली लय आजही जुनी होत नाही. पण घराघरांतल्या बायकाही ते अंक वाचत होत्या, पाकक्रियेची पानं जपून ठेवत होत्या, आणि मुखपृष्ठावर त्यांना दिसत होती ती पुन्हा एक बाईच. आपण कसं दिसावं हे त्यांना त्या चित्राने सांगितलं. कुणाकडे बघावं हे सांगणारं चित्र त्यांच्या वाट्याला आलं नाही. देवादिकांची चित्रं होती, इतिहासपुरुषांची होती. ती हात जोडायची होती.

आपल्या परंपरेत बाईच्या इच्छेला वाणीच नव्हती असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. संतांच्या गौळणी आणि विरहिण्या आहेत, शाहिरांच्या लावण्या आहेत. त्यांत बाई त्याचं रूप वर्णन करते, वाट बघते, रुसते, अडून बसते. पण गौळणीत तो देव असतो आणि विरहिणीतली तगमग जिवा-शिवाची मानून घेता येते. लावणी गाणारी बाई फडावरची असते. घरंदाज बाईने ती ऐकायची नाही, म्हणायची तर मुळीच नाही. शिवाय यातलं बरंचसं पुरुषांनी लिहिलेलं. घरातल्या बाईला स्वतःच्या नावाने, देवाचा आडोसा न घेता, ‘हा मला देखणा वाटतो’ असं म्हणायला जागा नव्हती.

ती जागा आधी रंगभूमीने थोडी दिली. १९६० च्या दशकात डॉ. काशिनाथ घाणेकर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये संभाजी होऊन आले, पुढे ‘अश्रूंची झाली फुले’मध्ये लाल्या होऊन आले, आणि नाटकाच्या जाहिरातीत इतर सर्वांनंतर ‘आणि’ घालून त्यांचं नाव छापण्याची पद्धत पडली. त्या नटासाठी प्रेक्षागृहात काय होत असे, याच्या कथा मराठी घरांत अजून सांगितल्या जातात. अभिनेत्री सुलोचनाबाईंच्या कन्या कांचन घाणेकर यांनी ‘नाथ हा माझा’ लिहिलं तेव्हा त्या नटावरची ओढ आणि त्याच्यासोबतच्या संसारातले काटे, दोन्ही मोकळेपणाने मांडले. एका देखण्या, बेफाम माणसाकडे बाईने पाहिलं, त्याला निवडलं आणि त्याची किंमतही मोजली, हे त्या बाईच्याच शब्दांत मराठी वाचकांसमोर आलं. त्या पुस्तकाचं वाचकांनी मनापासून स्वागत केलं. भूक होती, हे त्यावरून कळतं.

पण नाटकाला जायचं तर तिकीट हवं, सोबत हवी, घरच्यांची परवानगी हवी. दूरदर्शनने हा सगळा व्याप दूर केला. तो माणूस स्वतःच घरात आला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं, १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंग आले, आणि ऐंशीच्या दशकाअखेर आठवड्याच्या ठरल्या वारी, ठरल्या वेळी एकच मालिका सारा देश बघू लागला. त्या मालिकांतल्या पुरुषांकडे बघण्याला कुणाची हरकत असणं शक्य नव्हतं, कारण सासऱ्यांपासून नातवंडांपर्यंत सगळे त्याच खोलीत बसून तेच बघत होते.

‘महाभारत’मधल्या नितीश भारद्वाज यांच्या कृष्णाचं उदाहरण घ्या. घरातली थोरली माणसं पडद्यासमोर हात जोडायची. त्याच खोलीत सोळा वर्षांची मुलगीही बसलेली असायची आणि तिला ते स्मित, ती मान कलती करण्याची लकब, बोलण्याआधीची ती किंचित थांबण्याची सवय दिसत असे. भक्ती आणि आवड एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी खिळल्या होत्या आणि कुणाला वेगळ्या काढता येत नव्हत्या. गौळणींनी शतकानुशतकं जी पळवाट मोकळी ठेवली होती, तिच्यातून नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावरच्या कित्येक मुली गुपचूप चालून गेल्या.

मग देवाची गरजही उरली नाही. १९८९ मध्ये ‘फौजी’त शाहरुख खान आला. रूढ अर्थाने देखणा म्हणावा असा तो चेहरा नव्हता. कपाळावर येणारे केस, धावपळ, वरिष्ठांसमोर आवरता न येणारं हसू, असं सगळं होतं. पाठोपाठ ‘सर्कस’मध्ये तो रेणुका शहाणे आणि आशुतोष गोवारीकर यांच्यासोबत दिसला. १९९३ मध्ये बासू चटर्जींच्या ‘ब्योमकेश बक्षी’त रजित कपूर धोतर नेसून, शांत आवाजात खुनाचा उलगडा करू लागले आणि बुद्धीचं देखणेपण किती ओढ लावतं ते कळलं. १९९४ च्या ‘फर्मान’मध्ये कंवलजीत सिंग यांचा हैदराबादी नवाब आला, तुटक बोलणारा, आतून हळवा, आणि दीपिका देशपांडे यांच्या स्वाभिमानी नायिकेपुढे भागागणिक नमत जाणारा. आजही त्या पिढीतल्या बायकांच्या गप्पांत ‘फर्मान’ निघाला की आवाज बदलतो.

ही सगळी नावं एकत्र ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. यांतला एकही पुरुष अंगप्रदर्शनासाठी लक्षात राहिलेला नाही. छायाचित्र क्षण पकडतं. तिथे देह, प्रकाश आणि कोन यांवर सगळा खेळ असतो. मालिका वेळ देते. आठवड्याला एक भाग, मग सात दिवसांची प्रतीक्षा. या प्रतीक्षेत तो माणूस मनात वाढत जातो. तो रागावल्यावर कसा वागतो, चूक झाल्यावर माफी मागतो का, घरातल्या बाईशी कुठल्या सुरात बोलतो, हे बघायला मिळतं. घरातले खरे पुरुष पेपरामागे असायचे किंवा कामावर. पुरुष इतक्या निवांतपणे, इतक्या बारकाईने न्याहाळण्याची संधी त्या मुलींना टीव्हीनेच दिली. त्यातून त्यांनी मापं बनवली. नवरा कसा हवा याबद्दल आईवडील स्थळाचा पगार आणि घर सांगत होते. मुलीच्या मनात मात्र एक आवाज, ऐकून घेण्याची एक रीत, एक विनोदबुद्धी ठरत होती.

आणि ही मापं डोळस होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तेच कंवलजीत ‘स्टार प्लस’वरच्या नीना गुप्तांच्या ‘साँस’मध्ये बायकोशी प्रतारणा करणाऱ्या नवऱ्याच्या भूमिकेत दिसले. ‘फर्मान’वर जीव टाकणाऱ्या बायकांनी ‘साँस’ही पाहिली. देखणा माणूस वाईट वागू शकतो, आवडणारा माणूस फसवू शकतो आणि फसवल्यावर बाई उभी राहू शकते, हे त्यांनी एकाच चेहऱ्यावर पाहिलं. ज्याच्यावर आपला जीव जडतो त्याचीच पारख करण्याचा सराव त्यात होता. क्रश म्हणजे आंधळेपणा असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

या सगळ्यात मॉडेलच्या फोटोचं काम वेगळं होतं, आणि तेही मोलाचं. ऐंशीच्या दशकापर्यंत जाहिरातीतला पुरुष सूटिंग-शर्टिंगचा असे. कापड दाखवण्यापुरता, दगडी चेहऱ्याचा, हातात ब्रीफकेस घेतलेला. त्याच्याकडे बघून पुरुषांनी कापड घ्यायचं. नव्वदच्या दशकात ‘रेमंड’ने ‘परिपूर्ण पुरुष’ म्हणून हळवा, घरात रमणारा माणूस दाखवायला सुरुवात केली आणि हे चित्र बायकाही बघणार आहेत याची पहिल्यांदा दखल घेतली. मग १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ गाण्याचा व्हिडिओ आला. त्यातली राणी एकामागून एक आलेल्यांना नाकारते. शेवटी लाकडी खोक्यातून बाहेर येतो मिलिंद सोमण, शिवाजी पार्कच्या परिसरात वाढलेला, राष्ट्रीय पातळीवर पोहलेला, पोहून कमावलेल्या खांद्यांचा. ती आसनावर आहे आणि तो समोर उभा आहे. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसलेल्या मराठी मुलींच्या पिढीला केबलवरून दिवसातून कितीतरी वेळा हे दृश्य दिसत होतं. स्वयंवर पुराणात होतं, ते त्यांच्या बैठकीच्या खोलीत आलं. त्या व्हिडिओला नुसतं पॉप गाणं म्हणून मोडीत काढणं मला अन्यायाचं वाटतं.

याच चित्रांसमोर आणखी एक प्रेक्षक बसला होता आणि त्याची आठवण काढल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. लहान गावात वाढणारा, पुरुषांची ओढ असणारा मुलगा. अशोक राव कवींनी मुंबईत १९९० मध्ये समलिंगींसाठी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं, पण ते जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याला कसं पोहोचणार? त्या मुलाला बनियनच्या खोक्यावरचा फोटो होता, शर्टिंगची जाहिरात होती, मालिकेतला नायक होता. बहिणीच्या शेजारी बसून तो तेच बघत होता. बहीण मैत्रिणीजवळ बोलू शकत होती, याला ती सोयही नव्हती. सचिन कुंडलकर यांच्या २००६ च्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत भाऊ आणि बहीण घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. एकाच पुरुषाला दोन नजरांनी पाहणारं ते मराठी पुस्तक आलं तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ शाबूत होतं. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केलं ते सप्टेंबर २०१८ मध्ये. ज्याची ओढ कायद्यानेच गुन्ह्याच्या बाजूला टाकली होती, त्याला त्या छापील चेहऱ्याने निदान एवढं सांगितलं की आपल्या आत जे हलतं ते खरं आहे. अशा माणसाला जुन्या जाहिरातीचं कात्रण जपावंसं वाटलं, तर त्यामागचं कारण समजून घेण्याची जबाबदारी आपली आहे.

माझ्या या म्हणण्यावर गंभीर आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप स्त्रीवादी मैत्रिणींचाच असतो. बाईला वस्तू केलं म्हणून आपण इतकी वर्षं भांडलो. आता पुरुषाला वस्तू करून काय मिळवलं? हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण बाजाराने नेमकं तेच केलं आहे. २००५ मध्ये पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ हे गोरेपणाचं क्रीम आलं आणि पुढे शाहरुख खानच त्याच्या जाहिरातीत दिसला. ‘फौजी’तल्या ज्या सावळ्या, विस्कटलेल्या पोराला मुलींनी आहे तसा पसंत केला होता, त्याच्याच तोंडून मुलांना सांगितलं गेलं की गोरे व्हा. २००७ च्या ‘ओम शांती ओम’मध्ये त्याच्या पोटावरचे सहा पॅक गाजले आणि गल्लोगल्लीच्या जिममध्ये तेच पोट मागणारी मुलं येऊ लागली. मॉडेलच्या छातीवरचे केस गेले, कातडी एकाच तकाकीची झाली, दंड एकाच साच्यातले झाले. पावडरी आणि इंजेक्शनांच्या नादाने तरुण मुलं शरीराचं नुकसान करून घेतात, हे आपण आजूबाजूला बघतो आहोत. मुलींनी जे दुःख शतकभर सोसलं ते मुलग्यांच्या वाट्याला येणं हा समतेचा विजय नव्हे.

पण हा साचा कुणी घडवला? ज्या बायका रजित कपूरच्या शांतपणावर, कंवलजीतच्या आवाजावर, शाहरुखच्या धडपडीवर भाळल्या होत्या, त्यांनी एकसारखी पोटं मागितली नव्हती. बायकांना काय आवडतं हे त्यांना न विचारता ठरवलं गेलं आणि मग ते पुरुषांना विकलं गेलं. क्रीम आणि प्रोटीनच्या डब्यांवरचा पुरुष खरं तर पुन्हा तालमीतल्या पोरालाच दाखवला जातो आहे, फक्त आता शाबासकीऐवजी त्याला न्यूनगंड मिळतो. यावरचा उपाय बायकांनी डोळे मिटून घेणं हा नाही. त्यांनी मोकळेपणाने सांगावं की आम्हाला टक्कल पडलेलाही आवडतो, ढेरी सुटलेलाही आवडतो, हसताना डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडणारा फार आवडतो. बाजाराने बनवलेला साचा मोडण्याची ताकद या खऱ्या, नाना तऱ्हांच्या आवडीनिवडींत आहे.

दुसरा आक्षेप पाहिल्या जाणाऱ्याच्या बाजूने येतो. १९७२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकात संपादक हेलन गर्ली ब्राउन यांनी नट बर्ट रेनल्ड्सचा अस्वलाच्या कातड्यावर पहुडलेला विवस्त्र फोटो मधल्या पानावर छापला. बायकांनाही पुरुषांकडे बघायला आवडतं, ही त्यामागची साधी धारणा होती. अंक तडाखेबंद खपला. रणवीरच्या गालिच्यावरच्या फोटोंचा पूर्वज तोच. पण पुढे रेनल्ड्सने त्या फोटोबद्दल खंत व्यक्त केली. त्याच वर्षी आलेल्या ‘डिलिव्हरन्स’मधल्या आपल्या कामाचं गांभीर्य त्यामुळे झाकोळलं असं त्याला वाटलं. देखणेपणाने कामावर पाणी पडणं हा अनुभव नट्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे; तो पुरुषाला आला म्हणून त्याचं दुःख खोटं ठरत नाही. यातून मला एवढाच नियम दिसतो, की बघणाऱ्याने बघितलेल्याचं माणूसपण सोडायचं नाही. पडद्यावरच्या नटावर जीव जडवण्याचा हक्क आहे. त्याच्या घराबाहेर ताटकळण्याचा, त्याच्या बायकोला शिव्या देण्याचा, त्याच्या इनबॉक्समध्ये घुसण्याचा हक्क कुणालाच नाही. त्या जुन्या, अबोल प्रेमांचा मोठेपणा असा की त्यांनी त्या माणसाकडे काहीच मागितलं नाही.

तिसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. जुनं ते सोनं म्हणत रडत बसण्यात काय अर्थ, असं विचारलं जातं. हा आक्षेप घेणाऱ्यांनी २०२० ची टाळेबंदी आठवावी. दूरदर्शनने ‘रामायण’, ‘महाभारत’, ‘सर्कस’, ‘ब्योमकेश बक्षी’ पुन्हा दाखवल्या. ज्या मुलींनी त्या पहिल्यांदा पाहिल्या होत्या त्या आता आया, सासवा, मुख्याध्यापिका झाल्या होत्या. आणि त्यांतल्या कितीतरी जणी लेकीसुनांसमोर प्रथमच म्हणाल्या की हा मला फार आवडायचा. नव्वदच्या दशकातलं जग काही सुखाचं नव्हतं. मालिका बघताना हातात मेथीची जुडी असायची, जाहिराती लागल्या की गॅसकडे पळावं लागायचं, आणि नायकाचं कौतुक जास्त झालं तर कुणीतरी टीव्ही बंद करायचं. म्हणूनच ती कबुली मोलाची. त्या काळाचे गोडवे गाण्यापेक्षा, त्या काळात जे बोलता आलं नाही ते त्या तीस वर्षांनी बोलत होत्या. आठवणीचा उपयोग असा होत असेल तर तिला रंजन म्हणून बाजूला सारणं चूक आहे.

एक फरक मला यात फार बोचतो. नटावरच्या भक्तीला आपल्याकडे थेट सार्वजनिक प्रतिष्ठा मिळते. कृष्ण साकारणारे नितीश भारद्वाज १९९६ मध्ये जमशेदपूरमधून खासदार झाले, राम साकारणारे अरुण गोविल २०२४ मध्ये मेरठमधून निवडून आले. पडद्यावरच्या चेहऱ्यावर विश्वास टाकून मत देणारा माणूस बालिश ठरत नाही. त्याचं विश्लेषण करायला अभ्यासक बसतात. त्याच चेहऱ्याकडे बघून जिला पहिल्यांदा स्वतःची आवड उमगली, ती मात्र चेष्टेचा विषय होते. देशाच्या राजकारणावर परिणाम करण्याएवढी ताकद ज्या चेहऱ्यात आहे, त्याने लाखो घरांतल्या बायकांच्या मनाच्या जडणघडणीवर काही परिणाम केलाच नसेल, हे कसं मानायचं?

म्हणून माझं मागणं ठोस आहे. मराठी मालिका, नाटक आणि जाहिरात यांवर लिहिणाऱ्यांनी प्रेक्षक बायकांच्या आवडीला समीक्षेत जागा द्यावी. एखादा नट का गाजला याचं उत्तर त्याच्या संवादफेकीत शोधतो तसं त्याच्या देखणेपणातही शोधावं, आणि ते सांगताना ओशाळू नये. विद्यापीठांच्या माध्यम विभागांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात तरुण असलेल्या स्त्रियांच्या आणि समलिंगी पुरुषांच्या मुलाखती आताच नोंदवाव्यात. ती पिढी साठीकडे निघाली आहे. पुरुषांची छायाचित्रं काढणाऱ्यांनी एकाच साच्याच्या पलीकडे बघावं, आणि ती बघणाऱ्या बाईला गिऱ्हाईक न समजता रसिक समजावं. स्थळं बघणाऱ्या घरांनी मुलीला विचारावं की तो तुला बघायला आवडतो का, आणि ‘नाही’ हे पुरेसं उत्तर मानावं.

इच्छा बोलून दाखवता आली की नकारही देता येतो. आपल्याला काय आवडतं हे ज्या बाईला नीट माहीत असतं, तिला काय आवडत नाही हेही ठामपणे सांगता येतं. नकोशा स्पर्शाला, नकोशा स्थळाला, नकोशा संसाराला नाही म्हणण्याची सुरुवात तिथूनच होते. मुलींना नजर खाली ठेवायला शिकवून आपण त्यांचं रक्षण करतो असं मानणाऱ्या समाजाने त्यांच्या हातातलं पारखण्याचं साधनच काढून घेतलं आहे. ते त्यांना परत मिळालं पाहिजे, आणि एखाद्या नटाच्या हसण्यावर भाळण्याइतक्या साध्या, आनंदाच्या गोष्टीपासून त्याची सुरुवात होत असेल तर त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.